काखेतली दुसरी टीप

मी पायाने चालवायची एक जुनी शिलाई मशीन आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे. शेजारच्या टेबलावरची ती विजेची मशीन दिसते ना? तिचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं.

आमचं दुकान दोघी जावांचं. थोरली मला चालवते, धाकटी तिला. लढाई सुरू झाली आणि धाकटीला झेंडे शिवायचं काम मिळालं. लोक थांबून त्या विजेच्या सटवीचे फोटो काढायचे. आणि माझ्या नशिबी काय? एक पांढरी चादर! थोरलीने तिच्यावर कापडी अक्षरं शिवली, ‘लढाई थांबवा’, आणि ती धरून चौकात उभी राहिली. तिचा एकुलता एक मुलगा तेव्हा आघाडीवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दुकानाच्या दारावर कोळशाने लिहिलेलं, ‘गद्दार’.

पुढे सैनिकांच्या शर्टांचं काम आलं. चौकात तिच्याबरोबर उभे राहणारे मास्तर हळूच म्हणाले, “बाई, टाके सैल घाला. तेवढाच लढाईला खोडा.”

“मास्तर, माझं भांडण लढाई लावणाऱ्यांशी. शर्ट पोरांच्या अंगावर जायचाय. थंडीत उसवला तर कुडकुडणार कोण?”

पण ठेकेदाराने दारावरचा शब्द वाचला. “हिच्या हातचा एकही शर्ट नको,” म्हणाला. झालं! सगळे शर्ट तिकडे गेले, कॉलरला धाकटीच्या नावाची पट्टी लागली. धाकटी घाईघाईत एकच टीप मारायची. थोरली ते शर्ट ओढून घ्यायची, उलटे करायची आणि काखेत माझ्यावर दुसरी टीप घालायची.

“जाऊबाई, आतून कोण बघतंय?”

“न बघेना.”

मुलगा रजेवर आला तो धाकटीपाशीच गेला. “काकू, बाकीच्यांचे शर्ट उसवले, तुझे नाही! आणि आई, तू हे काय मांडलंयस? मला तिकडे मान वर करता येत नाही गं.”

थोरली माझ्या चाकावरून हात फिरवू लागली. मला तर रडूच कोसळलं असतं. तेव्हा धाकटी उठली. तिने त्याला अंगातला शर्ट काढायला लावला आणि काखेपाशी उलटा केला. “ही आतली टीप बघ. ही तुझ्या आईची. सगळ्या शर्टांना आहे.”

तो ती टीप बोटाने चाचपत राहिला. मग बादली आणि चिंधी घेऊन दार घासायला गेला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या मशीनला अधूनमधून तेल घालत जा. कोणाला गद्दार म्हणण्याआधी त्याची शिवण उलटी करून बघा. आणि बघाल तेव्हा कौतुक माझं करा हो, तिचं नको!