न बुडणारं ऊन

निपाणीच्या पद्मावतीआक्कांनी चाळीस वर्षांत दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. नवरा वारला त्या दिवशी धरलेला नेम. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. त्याला किल्ली माणूस देतो, म्हणत. माजघराच्या भिंतीवर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन पडे. तिथल्या फळीवरच्या पितळी तांब्यावर ते असेपर्यंत जेवायचं, एवढं त्यांचं पंचांग.

एकोणीसशे चौतीस साली मुलगा सुकुमार याने आईचं चित्र काढायला बेळगावच्या कॅम्पातून परशराममास्तरांना बोलावलं. आक्का म्हणाल्या, माझं नको, तांब्याचं काढा. मास्तर आठ दिवस ते ऊन तैलरंगात धरत बसले. तांब्याच्या पोटावर पिवळ्याधमक रंगाचा जाड फराटा, शेजारी दोन लिंबं, आणि लिंबांची सावली चक्क जांभळी. सावली काळी असते असं शाळेत शिकवलंय, सुकुमार म्हणाला. शिकवणारा मीच होतो, चुकलो, मास्तर म्हणाले.

तांब्या चुलीपाशी गेला आणि चित्र त्याच भिंतीवर लागलं. दुसरीकडे उजेड बरा नव्हता.

चित्र लागलं त्याच संध्याकाळी सून माहेरी होती आणि आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. जप करता करता त्यांनी तीनदा भिंतीकडे बघितलं. तांब्यावर ऊन होतं. सावकाश वाढून घेतलं. अर्धी भाकरी झाली, तोच सुकुमार दुकानातून आला, हातात पेटता कंदील.

"कंदील कशाला रं उन्हात?"

सुकुमारने कंदील खिडकीबाहेरच्या अंधाराकडे धरला. आक्कांनी खिडकीकडे मान वळवली. तोंडातला घास ताटात काढून ठेवून त्या ताटाकडे बघत बसल्या, दुसऱ्याच कुणी वाढल्यासारख्या.

सकाळी बस्तीतले, जैन देवळातले, उपाध्ये सांगून गेले, नकळत घडलं, एक उपवास पुरे. पाठोपाठ मास्तर आले, कौतुक ऐकायला. झाला प्रकार ऐकून चित्रासमोर बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं ऊन कुणाला खरं वाटलं होतं, आणि हसायची सोय नव्हती.

"मास्तर, तुमचा ह्यो दिस कवा बुडतो?"

"आक्का, चित्रातला दिस बुडत न्हाय."

"मग माझाच तेवढा बुडला."

मास्तर ब्रश काढून ऊन पुसायला उठले. आक्कांनी हात आडवा धरला. "ऱ्हाऊ दे. त्येला काय ठावं?"

मग त्या सुकुमारकडे वळल्या. "चाळीस वर्सं गेली, बाबा. आजपासनं पयला दिस धर."

आक्कांना तेव्हा बहात्तरावं लागलं होतं.