गाडी आपोआप पळत नसते

"गाडी आपोआप पळत नसते." गेले सहा आठवडे बाबा हे एकच वाक्य येईल त्याला ऐकवत होते. शेजारी माझं प्लास्टर बघायला आले की, दूधवाला आला की, माझ्या ऑफिसातून फोन आला की. "अ‍ॅक्सिलरेटर पिळला तरच पळते. ही घाबरली आणि सोडायच्या ऐवजी पिळला." मग फार मोठं मन केल्यासारखं, हळू आवाजात, "होतं असं. सगळ्यांनाच झेपत नाही." त्या 'झेपत नाही'ने माझं डोकं जेवढं फिरायचं, तेवढं मनगट मोडलं तेव्हाही फिरलं नव्हतं.

झालं होतं ते असं. मी उतारावरून येत होते, पुढे वळण होतं, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर सोडला. इंजिनाचा आवाज खाली यायला हवा होता. आलाच नाही. ते तसंच किंचाळत राहिलं आणि गाडी मला ओढत राहिली. ब्रेक दाबला, पुढचं चाक घसरलं, आणि मी भिंतीवर. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हॉस्पिटलच्या खाटेवरून पहिलं वाक्य मी हेच बोलले, "बाबा, मी सोडला होता." अपघाताच्या आधीही तीनदा सांगून झालं होतं, की गाडी गरम झाली की मूठ सोडली तरी पळत राहते. पण बाबा पडले फोरमन! कारखान्यात बत्तीस वर्षं यंत्रं सांभाळलेला माणूस, अख्खी गल्ली त्यांना फोरमनच म्हणते. त्यांच्यापुढे दारोदार पाण्याचे मीटर वाचत हिंडणारी मुलगी काय बोलणार, कपाळ?

आणि खरं सांगू? पाचव्या आठवड्यात मीही मानायला लागले. पडल्या पडल्या उजव्या मुठीकडे बघायचे आणि वाटायचं, पिळला असेल का मीच? ऑफिसने मला फिरतीवरून काढून काउंटरवर बसवायचं पत्र पाठवलं, आणि मी त्यावर सही करायला निघाले. दहा वर्षं मी उन्हातान्हात गल्ल्या पालथ्या घातल्यात, पण खिडकीमागे बसून राहायची कल्पना मला सहन होत नाही. तरी पेन हातात घेतलं होतं. इथवर आणून ठेवलं होतं मला.

त्याच दिवशी बाबांनी जाहीर केलं, गाडी विकायची. शनिवारी पाच वाजता गिऱ्हाईक येणार. गाडी जुनी, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण कागदावर नाव माझं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी मुकाट्याने कागदांच्या झेरॉक्स काढायला गेले.

झेरॉक्सच्या शेजारी स्पेअर पार्टवाला बसतो. त्याने प्लास्टरकडे बघून विचारलं, मी सांगितलं. तो मान वर न करता म्हणाला, "गरम झाल्यावरच होतं?"

"हो."

"मग बूट फाटलाय, दुसरं काय."

बूट म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारं जाड रबरी नळकांडं. जुनं झालं की तडकतं, चिरेतून जादा हवा आत शिरते, आणि मूठ सोडली तरी इंजिन खाली उतरायचं नाव घेत नाही. त्याने हे अर्ध्या मिनिटात सांगितलं आणि पुढच्या माणसाला नटबोल्ट मोजून द्यायला लागला. सहा आठवड्यांत मला 'गरम झाल्यावर का' एवढा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी इंजिनाकडचा बूट, मागचा हवेच्या डब्याकडचा बूट आणि त्यांची सीलं घेऊन घरी आले.

शनिवारी दुपारी बाबा केस कापायला गेले. न्हाव्याकडे त्यांची बैठक दोन तासांच्या खाली उठत नाही. मी आत्याला हाक मारली.

"आत्या, बूट बदलायचेत. जरा हात दे."

"माझे मला घालता येतात गं अजून."

"गाडीचे, आत्या!"

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. चाळीस वर्षं तिने शिवणकाम केलंय, बोटांत सांडशीचा जोर आहे. तिने पदर खोचला आणि अंगणात गाडीशेजारी पाट टाकून बसली. मी पेट्रोलचा कॉक बंद केला, उजव्या हाताने क्लॅम्पचे स्क्रू ढिले केले. आत्याने कार्बोरेटर मागे ओढून धरला. "हे असलं काम तो करतो आणि वर सांगतो की फार अवघड असतं!" दोन बोल्ट काढल्यावर इंजिनाकडचा बूट सुटला. त्याच्या तोंडाशी रबरी कडीसारखं सील असतं, ते इतकं कडक झालं होतं की उचलताना त्याचे दोन तुकडे झाले.

बूट वरून धडधाकट दिसत होता. म्हणजे मीच पिळला होता तर. पण आत्याने तो सवयीने दोन्ही हातांत धरून उलटा वाकवला, कॉलर बघतात तसा.

"अगं, इथे हा लेप कुणी लावलाय?"

खालच्या बाजूने, जिथे नजर जात नाही तिथे, चीर होती. बोटाच्या दोन पेरांएवढी. आणि ती करड्या सिलिकॉनने भरली होती.

करडं सिलिकॉन म्हटल्यावर आमच्या घरात नाव विचारावं लागत नाही. खिडकीची काच, मिक्सरचं झाकण, आत्याच्या चपलेचा तळ, बाबा सगळं त्यानेच चिकटवतात. आम्ही दोघीच तेवढ्या सुटलो आहोत. म्हणजे मी तक्रार केली तेव्हा बाबांनी बूट बघितला होता, नवा आणायच्या ऐवजी लेप लावला होता आणि मला म्हणाले होते, 'केलंय नीट.' हेही मी एक वेळ गिळलं असतं. चूक होते माणसाची.

पण आत्याने नख लावलं. करडा थर मधोमध फाटलेला होता. आणि त्या फाटीवर दुसरा थर होता. पांढरा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पांढरी ट्यूब आमच्या घरात एकदाच आली. मी हॉस्पिटलातून आल्यावर बाबांनी न्हाणीघरात मला धरायला दांडी बसवली होती, तिच्या बुडाशी भरायला. एका हाताने अंघोळ करताना घसरू नये म्हणून. तेव्हा मला किती भरून आलं होतं! म्हणजे दांडी बसवली त्यानंतर कधीतरी त्यांनी गाडी उघडली. फाटलेला लेप डोळ्यांनी बघितला. त्यावर नवा लेप लावला, हात धुतले आणि जेवायला बसून म्हणाले, गाडी आपोआप पळत नसते.

"म्हणजे त्याला माहीत होतं," आत्या म्हणाली. जुना बूट बाजूला ठेवून ती म्हणाली, "नवा बसव. आधी नवा बसव."

नव्या सीलला तेलाचं बोट लावलं, खाचेत बसवलं, बोल्ट आलटून पालटून आवळले. मागचा बूटही बदलला. कार्बोरेटर पुढे ढकलताना आत्याने असा जोर लावला की गाडीच हलली. स्टँडवर ठेवूनच किक मारली, दहा मिनिटं गरम होऊ दिली, मग मूठ पिळून सोडली. आवाज झटकन खाली आला. पुन्हा पिळली, पुन्हा सोडली. सात-आठ वेळा केलं. मी रडत होते, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं. संतापाचं होतं.

पावणेपाचला फाटकाशी बाबा आले, ताजे केस कापलेले, आणि सोबत गिऱ्हाईक. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा कारागीर. बायकोला रोज मागे बसवून कामावर सोडायचं आहे, असं तो हौसेने सांगत होता.

"गाडी चोख आहे," बाबा म्हणाले. "विकायचं कारण एवढंच, की आमच्या मुलीला—"

"बोला ना, बाबा. पूर्ण करा वाक्य." मी जुना बूट त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी बुटाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. कारागीर बिचारा सवयीने पुढे वाकला. "दोन थर दिसतात," तो म्हणाला. "करडा जुना. पांढरा अलीकडचा."

"ऐकलंत? यांना एका नजरेत कळलं. आणि यांच्या बायकोला तुम्ही या गाडीवर बसवून उताराने पाठवणार होतात?"

"लेप पक्का होता," बाबा पुटपुटले. मग आवाज चढवून, "मला वाटलं, तू पुन्हा बसूच नयेस गाडीवर. जीव टांगणीला लागतो माझा!"

"खोटं बोलू नका. जीव नाही, नाक! फोरमनच्या हातून चूक झाली म्हणायच्या ऐवजी मुलगी बावळट म्हटलेलं तुम्हाला परवडलं. मी स्वतःवरचा विश्वास घालवून बसले होते, बाबा. सही करणार होते मी त्या पत्रावर!"

कारागिराला कुठे बघावं ते कळत नव्हतं. शेवटी बाबा त्यालाच म्हणाले, "हिने सोडला होता अ‍ॅक्सिलरेटर."

"गाडी विकायची नाही," मी त्याला म्हणाले. "माफ करा, तुम्हाला हेलपाटा पडला." तो सुटल्यासारखा निघून गेला.

बाबा आत जायला वळले. मी दाराशी उभी राहिले.

"एकट्या त्यांना सांगून भागत नाही. शेजाऱ्यांना सांगा. दूधवाल्याला, माझ्या साहेबांना. जिथे जिथे 'झेपत नाही' म्हणालात, तिथे तिथे. आत्ता."

"राहू दे गं आता," आत्या म्हणाली.

"नाही राहू देणार."

बाबा बूट हातात घेऊनच फाटकाबाहेर गेले. शेजारच्या पायरीवर थांबून त्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही. मग त्यांनी बेल दाबली. दार उघडलं, शेजारीण बाहेर आली, आणि मला बाबांचा आवाज ऐकू आला, कधी नव्हे इतका बारीक.

"ती गाडी," ते म्हणाले, "आपोआप पळत होती."