बोंबलातला पारा

बुधवार असूनही आईने वांग्याची भाजी केली होती. मुलुंडच्या त्या घरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे माशांचे वार. आजोबा गेले तो आठवडा सोडला तर हा नियम मोडलेला गार्गीला आठवत नव्हता.

"बाजार बंद होता का गं?"

"बाजार चालू आहे. आपलंच तोंड बंद." आईने ओट्यावरचा मोबाइल तिच्यापुढे सरकवला. "हे बघ आणि मुकाट्याने वांगं खा."

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. गंभीर चेहऱ्याची निवेदिका, तिच्यामागे काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील. "गोराईच्या बोंबलांमध्ये किलोमागे शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी मिलिग्रॅम पारा. तपासलेल्या सत्तावीस नमुन्यांपैकी एकोणीस दूषित. प्रयोगशाळेने मात्र यावर बोलायला नकार दिला आहे." मग डोक्याला रुमाल बांधलेली एक कोळीण पडद्यावर आली आणि म्हणाली, "आमाला काय पारा डोळ्यांनी दिसतो?"

गार्गीचा घास तोंडातच राहिला. यातलं प्रत्येक वाक्य तिचं होतं. 'मात्र'सुद्धा तिचाच.

"आई, हे खोटं आहे. हे मी लिहिलंय."

"तू?"

"आमच्या मालिकेसाठी. चाळीस वर्षांनंतरच्या मुंबईची गोष्ट आहे ती. एक चॅनल असतं, त्याला गाव रिकामं करायचं असतं, म्हणून ते अशी बातमी पसरवतं. वरच्या कोपऱ्यात साल होतं, ते कापलं गेलंय."

आईने भाजीची वाटी पुढे केली. "तू लिहिलंस ना? मग तर झालंच. चिमूटभर मीठ म्हणजे किती ग्रॅम, असं विचारणारी पोरगी तू. उगाच कशाला लिहिशील? कुठेतरी काहीतरी वाचलं असशीलच."

गार्गीने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

तिने रसायनशास्त्रात एमएस्सी केली होती. दोन वर्षं एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले आणि मग अंधेरीतल्या एका मालिकेवर विज्ञान सल्लागार म्हणून लागली. काम सोपं होतं. लेखक मंडळी काहीही लिहीत आणि ही ते खोडत असे. या भागाच्या मूळ संहितेत मासे अंधारात निळे चमकत होते. वाचून ती खो खो हसली होती. "मिहिर, यावर शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का रे?"

मिहिर दिग्दर्शक. तो म्हणाला, "मग तू सांग ना यार, लोक कशावर विश्वास ठेवतील?"

प्रश्न तिला आवडला. फार आवडला. तीन दिवस ती त्यावर डोकं खपवत बसली होती. गोल आकडा खोटा वाटतो, म्हणून सत्त्याऐंशी. सगळेच नमुने दूषित म्हटलं तर शंका येते, म्हणून सत्तावीसपैकी एकोणीस. आणि कोणीतरी बोलायला नकार दिला पाहिजे, कारण जो बोलत नाही त्याच्याकडे खरं असतं असं लोकांना वाटतं. मिहिरने वाचून टाळी मागितली होती. "झकास! मलाच मासे सोडावेसे वाटतायत."

आता प्रसिद्धीवाल्यांनी तेवढाच तुकडा, मालिकेचं नाव न घालता, 'उत्सुकता वाढावी' म्हणून सोडला होता. फोनवर उभा बसावा म्हणून दोन्ही बाजू कापल्या आणि त्यात डाव्या कोपऱ्यातलं २०६४ गेलं.

दुपारी फोन आला. पडद्यावर ऑलिव्ह आंटीचं नाव दिसलं तेव्हाच गार्गीला कळलं की हा फोन येणारच होता.

ऑलिव्ह आंटी म्हणजे व्हिडिओतली कोळीण. गोराईची. रोज सकाळी खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात बसायची. चित्रीकरणाच्या दिवशी तिने सगळ्या युनिटला सुकट घातलेली भाकरी खाऊ घातली होती. आपलं वाक्य ती सात वेळा हसून चुकली होती आणि आठव्यांदा इतकं खरं बोलली की सगळे गप्प झाले होते.

"गार्गी बाय, तीन दिस मी मावरं परत घरी नेते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि ते ऐकायला जास्त वाईट वाटत होतं. "गिऱ्हाईक येतं, माझं तोंड बघतं नि पुढं जातं. त्याचं काय नाय. पण बाजूच्या बायका बोलत नाय माझ्याशी. बोलतात, ऑलिव्हने पैसे खाल्ले नि आपल्याच मावऱ्याला नाव ठेवलं. काल माझी पाटी उचलून नळाजवळ ठेवली. वीस वर्सांची जागा माझी."

"आंटी, मी काढायला लावते तो व्हिडिओ."

"तू बोलली होती ना मना, काय नाय होत, खोटंखोटं हाय?"

"हो, बोलले होते."

"मग शुक्रवारी ये. बाजारात सगळ्यांच्या समोर बोल. त्या दिशी गर्दी असते."

गार्गी थेट अंधेरीला गेली. मिहिर संकलनाच्या खोलीत होता आणि त्याचा चेहरा लग्नघरासारखा उजळला होता.

"अगं, बघितलंस का? नऊ लाख! आपला भाग नेमकं हेच तर सांगतोय ना? लोकांनी ते स्वतःच सिद्ध करून दिलं!"

"त्या बाईची वाट लागली, मिहिर."

"अकरा दिवस. भाग लागला की सगळ्यांना कळेल, आणि आंटी स्टार होतील."

"बोंबील अकरा दिवस टिकत नाही रे. निदान एक ओळ टाक, की हे मालिकेतलं दृश्य आहे."

तो खुर्चीत मागे रेलला. "माझ्या हातात नाही. आणि तूही काही टाकू नकोस प्लीज. करारात आहे."

ते खरं होतं. तरीही घरी परतताना तिने सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. बातमी बनावट आहे, आकडा मी स्वतः तयार केला आहे. पाच मिनिटांत तळमजल्यावरच्या चंद्रप्रकाशकाकांचं उत्तर आलं: 'दबाव आलेला दिसतो. काळजी घे बेटा.' त्याखाली अकरा अंगठे आणि हात जोडलेली दोन चित्रं.

शुक्रवारी नऊ वाजता ती बोरिवलीला पोचली. पाटी नळाजवळच होती. येणारे-जाणारे ओल्या फरशीवरून घसरू नये म्हणून खाली बघत आणि पाटीवरूनच पुढे जात. ऑलिव्ह आंटीने बोंबलांचे वाटे नीट मांडून ठेवले होते, गुलाबी, चकचकीत, एकाही वाट्याला हात न लागलेला. तिने गार्गीला उलट्या खोक्यावर उभं केलं आणि असा आवाज दिला की पलीकडच्या नारळवाल्यानेही मान वळवली.

"या! ज्या बाईने ती बातमी बनवली, ती ही! हिच्या तोंडून ऐका!"

लोक थांबले. फोन वर झाले. शेजारच्या कोळणींनी कोयत्या खाली ठेवल्या. गार्गीने सांगितलं: मालिका, चाळीस वर्षांनंतरचं चॅनल, कापलं गेलेलं साल. "तो आकडा मी टेबलावर बसून बनवला. एकही मासा तपासलेला नव्हता. ऑलिव्ह आंटीने फक्त आम्ही दिलेलं वाक्य म्हटलं."

एक कोळीण दुसरीकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि ऑलिव्ह आंटीची हनुवटी जराशी वर आली. गार्गीला वाटलं, जमतंय.

तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कापडी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मघापासून ते लक्ष देऊन ऐकत होते. बहुधा निवृत्त मास्तर असावेत. "ठीक आहे. तुमचा आकडा खोटा," ते म्हणाले. "मग खरा किती?"

प्रश्न बरोबर होता. तिनेही हाच विचारला असता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे या माशांची तपासणी मी केलेली नाही. जे मोजलं नाही त्याचा आकडा मी सांगू शकत नाही. पण काही असेल असं मानायला कारणही नाही."

"असेलही, नसेलही," गृहस्थ हळूच म्हणाले. मागे कोणीतरी हसलं.

ऑलिव्ह आंटीने पाटीखालून स्टीलचा डबा काढला. सकाळी घरी तळून आणलेले बोंबील होते, रवा लावलेले, गार होऊन मऊ पडलेले. "कशाला आकडे? ती खाते ना, बघा. घे गो, खा."

गार्गीने तुकडा उचलला. बोटांना तेल लागलं. तोंडाजवळ नेला, आणि तिथे, काही कारण नसताना, निवेदिकेच्या गंभीर आवाजात तिला तो आकडा ऐकू आला. शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी. आपणच घडवलेला, घासूनपुसून गुळगुळीत केलेला. कुठेतरी काहीतरी वाचलं असेल का आपण? तिचा हात थांबला.

एक सेकंद. फार तर दीड.

मग तिने तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. दुसरा उचलला, तोही खाल्ला. पण फोन खाली जायला लागले होते. मास्तर पिशवीची घडी घालत होते. बघता बघता नळाभोवती पुन्हा मोकळी फरशी झाली.

ऑलिव्ह आंटीने डब्यातला एक बोंबील स्वतः खाल्ला, बोटं पदराला पुसली आणि वाट्यांवर पाणी शिंपडायला लागली. गार्गी खोक्यावर बसली. तिसरा तुकडा खाताना ती जराही थांबली नाही, पण तो कोणी पाहिला नाही.

फोन वाजला. आई होती.

"गार्गी, तुझा व्हिडिओ आलाय गं आमच्या भिशीच्या ग्रुपवर. तू खाताना का थांबलीस?"

"आई, मी खाल्लं. तीन खाल्ले."

"ते नाही दिसत. तू हात तोंडाजवळ नेतेस आणि व्हिडिओ तिथेच संपतो." "खरं सांग, तुला काही माहीत आहे का?"

"घरी आल्यावर बोलू," म्हणून गार्गीने फोन ठेवला.

"काय बोलते आई?" ऑलिव्ह आंटीने मान वर न करता विचारलं.

"विचारते, का थांबलीस."

"मग? का थांबली?"

गार्गीने बोटांवरचं तेल पाहिलं. "तो आकडा मी फार नीट बनवला होता, आंटी."

ऑलिव्ह आंटीने पाण्याचा मग खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग पाटीतला सगळ्यात चांगला वाटा वर्तमानपत्रात बांधला, पिशवीत घातला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"जा. मोज," ती म्हणाली. "किती निघतं ते मना येऊन सांग. काय पण निघू दे. पण या टायमाला खरं सांग."