भिंत बघून घेतलेली खोली

आम्हा दोघांना कुठल्याही लॉजवाल्याने दारात उभं करू नये, असं आमची थोरली मुलगी म्हणते. तिचं काही चुकत नाही. मी बावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहे. दिवसाला चारेकशे चादरी माझ्या हाताखालून जातात. चादर नीट वाळली होती की ओलीच घडी घातली, डाग काढलाय की नुसता घडीच्या आत दडवलाय, हे मला बोटांनी कळतं. आणि आमचे हे गवंडी. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करतात. थोरलीच्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत "गिलावा पोकळ आहे तुमचा" असं तोंडावर सांगणारा हा माणूस. लग्न मोडलं नाही, कारण सासरे भले होते. साइटवर सगळे ह्यांना ओळंबेमामा म्हणायचे, ते काही उगीच नाही. भिंत सरळ आहे की नाही ते दोरीला वजन लटकवून बघायचं, ते वजन म्हणजे ओळंबा. ह्यांचा पितळी होता, ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या म्हाताऱ्या गवंड्याने दिलेला. तीस वर्षं तो ह्यांच्या खिशातून बाहेर राहिला असेल तर फक्त झोपताना.

आठ महिन्यांपूर्वी हे परांचीवरून पडले. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर फळी सटकली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, काठी सुटली, डॉक्टर म्हणाले, "आता कामाला लागा." पण ह्यांनी अंथरुणच धरल्यासारखं केलं. विचारलं की एकच वाक्य यायचं, "परांचीचा दोर मीच बांधला होता." म्हणजे दुसऱ्या कुणावर चिडायचीही सोय नाही. अवजारांची पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. स्वयंपाकघरातला दिवा गेला तर स्टुलावर मी चढायची. शेवटच्या वेळी मलाही राग आला आणि मी दिवा तसाच ठेवला. आठवडाभर आम्ही अंधारात भाजी चिरली, पण हे काही स्टुलावर चढले नाहीत.

मग मुकादमांचा फोन आला. "वहिनी, नवीन साइट सुरू होतेय. मामांची जागा मी सोमवारपर्यंत धरून ठेवतो. त्यानंतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघू दे त्याला दुसरा."

मी घाबरले. हे काम सोडतील म्हणून नव्हे, घर माझ्या पगारावरही चाललं असतं. पण भिंतीवर टकटक न करणाऱ्या माणसाबरोबर उरलेलं आयुष्य काढायचं, ही कल्पना मला सहन होईना.

ह्यांचे ते म्हातारे गुरू नेहमी सांगायचे, "आयुष्यात एकदा ती जुनी देवळं बघून ये. चिमूटभर चुना नाही, दगडावर दगड, आणि हजार वर्षं उभी आहेत." हे तीस वर्षं "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत होते. मी दोन दिवसांची रजा टाकली, बसची तिकिटं काढली आणि ह्यांना सांगितलं, "शनिवारी निघायचंय." भांडायला अंगात जोर लागतो, तो ह्यांच्यात उरला नव्हता, म्हणून तयार झाले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हे न्हाणीघरात असताना मी पलंगाखालची पेटी ओढली. म्हटलं, गुपचूप ओळंबा पिशवीत टाकावा, तिथे गेल्यावर कदाचित हातात घ्यावासा वाटेल. थाप्या होत्या, हातोडी होती, दोरीचा गुंडा होता. ओळंबा नव्हता. सगळी पेटी उलटी केली तरी नव्हता. म्हटलं, देऊन टाकला कुणाला तरी. मी पेटी होती तशी सरकवली आणि विचारलंही नाही. विचारलं असतं आणि "हो" म्हणाले असते, तर सगळंच संपलं असतं.

तिथे पोचलो दीड वाजता. थोरली आठवडाभर सांगत होती, फोनवरून खोली घेऊन ठेव. पण चादरीला हात लावल्याशिवाय मी खोली घेत नाही आणि भिंत ठोकल्याशिवाय हे घेत नाहीत. आधी खोली, मग देवळं, असं मी ठरवलं. ही माझी पहिली चूक.

थांब्यासमोरच्या लॉजमध्ये चादरी अशा कडक, पांढऱ्याशुभ्र, की मला त्या धुणाऱ्या बाईला भेटावंसं वाटलं. मी पिशवी खाली ठेवणारच होते. तेवढ्यात मागून टक, टक, ठब असं ऐकू आलं.

"पोकळ आहे," हे म्हणाले.

"काका, तुम्हाला गादीवर झोपायचंय," मॅनेजर म्हणाला. "भिंतीवर नाही."

"डोकं कुठल्या बाजूला येतं?" ह्यांनी विचारलं. मॅनेजरने पोकळ भिंतीकडे बघितलं आणि किल्ली परत खुंटीला लावली. आम्ही बाहेर पडलो. खरं सांगते, मला रागापेक्षा आनंद झाला. आठ महिन्यांत ही पहिली टकटक होती.

दुसरं ठिकाण दगडी होतं, बाजारामागचं, जुनं. ह्यांनी भिंतीवर तळवा टेकवला आणि म्हणाले, "घेऊ या ही." तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी चादर उचलली. आतल्या घडीत डाग, आणि कडेला अजून ओल. "मी नाही ह्याच्यावर झोपणार," मी म्हणाले. सवय वाईट. ही दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी.

तिसरं ठिकाण नवं हॉटेल. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, जिना बाहेरच्या बाजूने, उघडा. हे सहा-सात पायऱ्या चढले आणि कठडा धरून उभे राहिले. कपाळावर घाम. "पायऱ्या कमी-जास्त आहेत," म्हणाले. पायऱ्यांना काहीही झालं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, की ह्या माणसाला आपण कुठे आणून उभं केलंय. मी म्हणाले, "हो, मलाही तसंच वाटतंय. चला खाली."

खाली आल्यावर म्हणाले, "सहाची बस आहे परतीची. तिने जाऊ. झोपायचंच आहे तर घरी झोपू."

देवळांच्या फाटकाशी पोचलो तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. तिकिटाची खिडकी चारला बंद. जाळीच्या पलीकडे दगड दिसत होते, खांब दिसत होते, आणि आम्ही इकडे बाकावर, पिशव्या मांडीवर घेऊन.

तिथे माझा तोल सुटला. "तीस वर्षं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी! आज इथवर आणलं तर तुम्हाला भिंत नको, पायऱ्या नकोत!"

"आणि चादर कुणाला नको होती?"

"मला! मला नको होती! सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडा, पण सोमवारी त्या मुकादमांना काय सांगू ते तुम्हीच सांगा!"

तेवढ्यात खिडकीमागचं दार उघडलं आणि तिकीटवाल्या बाई कुलूप घेऊन बाहेर आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी, चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"ताई, रागावू नका," त्या म्हणाल्या. "एक खोली माझ्याकडे आहे. ते काय, कुंपणापलीकडे घर. पण मी ती कुणाला देत नाही. एक भिंत वाकडी आहे."

"वाकडी म्हणजे किती?" ह्यांनी विचारलं.

"ते आम्हाला काय कळतंय? सगळे म्हणतात, वाकडी आहे."

खोली मागच्या अंगणात होती. पत्र्याचं छप्पर कोपऱ्यातल्या लोखंडी खांबांवर, आणि मधली विटांची भिंत वरच्या बाजूला बाहेर फुगलेली, जेवण जास्त झालेल्या माणसासारखी. माझ्याच्याने हसू आवरेना, आणि रडूही. संपलं म्हटलं. जो माणूस गिलाव्याच्या आवाजावरून लॉज सोडतो, तो इथे पाय ठेवणार? मी नुसतंच काहीतरी करायचं म्हणून खाटेवरची चादर चाचपली. दोन ठिकाणी ठिगळ, इस्त्रीचा पत्ता नाही. पण उन्हात वाळलेली, खरखरीत, स्वच्छ.

हे भिंतीपाशी उभे होते. खाली टकटक, मध्ये टकटक, मग हात वर करून टकटक.

"कुणी बांधली?"

"माझ्या भावाने," बाई म्हणाल्या. "स्वतःच. तो शाळेत गणित शिकवतो."

"तरीच," हे म्हणाले. पुन्हा एकदा भिंतीवरून वर-खाली हात फिरवला. मग म्हणाले, "खालून इथपर्यंत उत्तम केलीय हो. वर जाऊन घाई केली त्याने. घाबरला असेल." आणि बाईंना विचारलं, "शिडी आहे?"

बाईंनी लाकडी शिडी आणली, ह्यांनी ती बाहेरून कोपऱ्याच्या खांबाला लावली, दोनदा हलवून बघितली, तिसऱ्यांदा हलवून बघितली. मग कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि दोरी गुंडाळलेला ओळंबा बाहेर काढला.

मी ओळंब्याकडे बोट दाखवलं. "हा... तुमच्याकडे होता?"

"मग कुठे असणार?" असं म्हणाले, जणू मीच वेडी. आठ महिने पलंगावर पडून होते तेव्हाही तो उशीखालीच असायचा, हे मला नंतर कळलं. चारशे चादरींचे डाग ओळखणारी बाई मी, आणि माझ्याच घरच्या उशीखाली काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

"शिडी धर," हे म्हणाले.

मी दोन्ही हातांनी धरली. एक पायरी. दुसरी. तिसरीवर थांबले. त्यांच्या पायाचा घोटा माझ्या तोंडासमोर होता आणि तो थरथरत होता. थांब्यावरून सहाच्या बसचा भोंगा ऐकू आला, एकदा, दोनदा. मग घोटा वर गेला. चौथी. पाचवी. वरून दोरी सुटली आणि ओळंबा माझ्या कानाजवळून खाली आला, हलला, हलला आणि स्थिर झाला.

"बघ किती अंतर आहे भिंतीत आणि दोरीत."

मी बोटं घालून बघितली. "तीन बोटं."

"तुझी की माझी?"

"माझी."

"म्हणजे दोन," हे वरून म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला अगदी जुना वाटला, पूर्वीचा. "वरचे सहा थर काढायचे आणि पुन्हा घालायचे. दोन दिवसांचं काम. आज काही पडत नाही ती. खाट तेवढी पलीकडच्या भिंतीला सरकवा."

सकाळी सहाला बाईंनीच फाटक उघडलं, तेव्हा आत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. देवळांच्या खांबांमधून ऊन आडवं येत होतं. एका भिंतीपाशी ह्यांनी सांध्यावर नख फिरवलं. नख आत जाईना. मलाही फिरवायला लावलं. मग सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत गेले आणि एका दगडापाशी खाली बसले. त्या मोठ्या दगडाच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा चौकोनी तुकडा वेगळा बसवलेला होता. रंग तोच, सांधा केसाएवढा. मला दाखवला नसता तर दिसलाही नसता.

"हे काय?" मी विचारलं.

"चूक," हे म्हणाले. "छिन्नी जास्त लागली असेल, कोपरा उडाला. एवढा मोठा दगड, टाकून कसा देणार? मग त्या कारागिराने उडालेली जागा चौकोनी कापली, तुकडा घडवला आणि बसवला." त्यांनी तुकड्यावर अंगठा ठेवला. "आणि पुढचा दगडही त्यानेच घडवलाय. हात बघ, तोच आहे."

मी डोळे पुसले, ते त्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"मुकादमाला फोन लाव," हे म्हणाले. "सांग, सोमवारी जमणार नाही."

हातात घेतलेला फोन मी तसाच खाली केला.

"बुधवारी येतो म्हणावं. बाईंची भिंत अर्धी सोडून कसं जाणार? आणि त्या गणिताच्या मास्तरांना बोलावून घ्या म्हणावं बाईंना, हाताखाली माणूस लागेल मला."

माझी रजा दोनच दिवसांची होती. धुलाईखात्याला कळवायचं होतं, थोरलीला कळवायचं होतं. पण त्याआधी मी म्हणाले, "घरी गेल्यावर स्वयंपाकघरातला तो गेलेला दिवाही तुम्हीच लावायचा."

"लावेन. पण तू आधी शिडी नीट धरायला शीक. काल सारखी हलत होती."

"शिडी नव्हती हलत," मी म्हणाले. "मी हलत होते."