अनुमोदक: जयवंत

नाहूरच्या आमच्या सोसायटीचा मी अठरा वर्षं सेक्रेटरी आहे, आणि सभेचं इतिवृत्त मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवतो. हसू नका. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो, आणि आमचे सभासद सभेला येतात ते समोसा खायला. कोरम भरत नाही, नियमाप्रमाणे अर्धा तास थांबायचं, मग आहेत त्या नऊ जणांत सगळं मंजूर. त्यांना ‘अनुमोदन कोण देतंय’ असं विचारत बसायचं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून सूचक चेअरमन आणि अनुमोदक चौथ्या मजल्यावरचे जयवंत, हे माझं ठरलेलं. जयवंत म्हणजे गिरणीत आयुष्य गेलेला साधा माणूस. कशालाच विरोध करत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीच्या, सुगंधावहिनींच्या, किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि इमारतीला लिफ्ट नाही. जयवंत आणि शेजारचा निलेश त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले उतरवायचे, पुन्हा चढवायचे. जिन्यात कुणी भेटलं की वहिनी डोळे मिटून घ्यायच्या. मला ते बघवत नसे, म्हणून त्या वेळी मी दार लावून घ्यायचो.

एका संध्याकाळी जयवंत तळमजल्यावर सोसायटीच्या ऑफिसात आले. मी आणि चेअरमन किरण बसलो होतो.

“भाऊ, ही खोली महिन्यातून एकदा उघडते,” ते मला म्हणाले. “सुगंधाला इथे राहू दे. खाट मी आणतो. तुमची मीटिंग असली की आम्ही बाहेर बसू.”

किरण वाईट माणूस नाही. “काका, माझी ना नाहीये,” तो म्हणाला. “पण ठराव आहे ना. कुणालाच द्यायची नाही.”

पूर्वी पहिल्या मजल्यावरच्या बाईंना त्या खोलीत क्लास काढायचा होता, तो अडवायला केलेला ठराव. किरणने इतिवृत्ताची वही काढली, पान शोधलं आणि जयवंतांपुढे फिरवली. ‘सोसायटीची खोली कोणत्याही सभासदास कोणत्याही कारणासाठी वापरण्यास देऊ नये. अनुमोदक: जयवंत. सर्वानुमते मंजूर.’

“बघा, तुमचंच अनुमोदन आहे.”

जयवंतांनी चष्मा लावला. बोट नावावर थांबलं, मग वर सरकून तारखेवर गेलं. तारीख ऐन गणपतीतली होती. जयवंतांनी गावचा गणपती आजवर एकदाही चुकवलेला नाही. तिथून आणलेलं खाजं दरवर्षी आमच्या घरी येतं, त्या वर्षीही आलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं, की हे नाव मी घातलं, तुम्ही त्या सभेत नव्हता. पण मग अठरा वर्षांच्या वह्या लोकांनी उघडल्या असत्या, आणि माझी अब्रू गेली असती. मी समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायलो.

“नाव आहे म्हणजे मी बोललो असेन,” जयवंत म्हणाले. “तुम्ही खोटं कशाला लिहाल?”

ते गेल्यावर किरण म्हणाला, पुढच्या वार्षिक सभेत विषय घेऊ, ठराव बदलू. सभेला सात महिने होते.

महिन्याभरात जिन्यावर निलेशचा पाय घसरला आणि खुर्ची कलंडली. वहिनींना फार लागलं नाही, पण त्या धास्तावल्या. “माका आता खाली नेव नको,” एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या. डॉक्टर फोनवर ओरडले, जयवंतांनी हात जोडले, मीही वर जाऊन समजावलं. मी कुठल्या तोंडाने समजावत होतो, ते माझं मला ठाऊक. त्यानंतर त्यांना एकदाच खाली आणलं.

यंदाच्या सभेत पहिला विषय दुखवट्याचा होता. इतिवृत्त आदल्या दिवशी लिहायला बसलो होतो, पण अनुमोदकाच्या जागी हात चालेना. ती जागा तशीच कोरी ठेवली आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा सभेत विचारलं, “अनुमोदन कोण देतंय?”

सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. कुणी वर पाहिलं नाही. मी पुन्हा विचारलं.

“माझं नाव घाला, भाऊ,” मागच्या खुर्चीवरून जयवंत म्हणाले. “मी नसलो तरी घालताच ना.”

मी खाली मान घालून नाव लिहिलं. या वेळी ते हजर होते.