हळदीचं मुसळ आणि आठशे मीटर

मित्रांनो, मी एक जुनं मुसळ आहे. एवढं सोडलं तर माझ्याबद्दल मला नक्की असं काहीच सांगता येत नाही. मी कशासाठी आहे, हेच मला कळेनासं झालंय. तुम्ही शिकलीसवरलेली मुलं. माझी हकीकत ऐका आणि जमलं तर तुम्हीच सांगा.

जन्माच्या वेळी असा घोळ नव्हता. किल्लारीच्या बाजूच्या एका गावात विरूपाक्ष सुतारांनी बाभळीचं सरळ खोड तासलं, मधोमध मुठीत मावेल असं बारीक केलं, खालच्या टोकाला लोखंडी कडं ठोकलं आणि म्हणाले, "हे गुणाबाईच्या हळदीला." गुणाबाई तेव्हा नवरी. माझ्या कमरेला आंब्याची पानं बांधली, पाच सवाशिणींनी मला एकदम धरलं आणि माझ्याखाली हळकुंडं कुटली. पिवळाधमक झालो होतो मी! पहिल्याच दिवशी एवढा मान मिळाल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? गुणाबाईबरोबर रुखवतात बसून मी तिच्या सासरी गेलो. तिथं रोज मिरची, कारळं, शेंगदाणे कुटायचो आणि गावात कुणाचीही हळद असली की हाक यायची, "गुणाबाईचं मुसळ आणा गं." तेव्हा मला सगळं स्पष्ट होतं. वर जायचं ते जोरात खाली येण्यासाठी. मुसळाला दुसरं काम नाही.

मग त्र्याण्णव साल आलं. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. पहाटे जमीन अशी हलली, की मी उखळाशेजारी उभा होतो तो थेट अंगणात जाऊन पडलो. दगडमातीच्या जाड भिंती बसल्या होत्या. गुणाबाईचा मुलगा सटवाजी तेव्हा नुकता शाळेत जायला लागलेला. तो तुळईखाली सापडला होता. गुणाबाईच्या हाताला आधी लागलो तो मीच. तिनं माझं एक टोक तुळईखाली सारलं आणि दुसऱ्या टोकावर स्वतःला पोटावर झोकून दिलं. अहो, मी कुटणारा! उचलायचं मला काय ठाऊक? माझ्या आतच कडकन आवाज झाला. पण तुळई वीतभर उठली आणि शेजाऱ्यांनी बेशुद्ध पोराला ओढून काढलं. घरातली बाकीची माणसं निघाली नाहीत. त्याबद्दल गुणाबाई कधी बोलली नाही, म्हणून मीही बोलत नाही. माझ्या मधोमध एक चीर राहिली, ती मात्र अजून आहे.

गुणाबाई पोराला घेऊन अहमदपूरला भावाच्या आसऱ्याला आली. बरोबर फक्त मी होतो. "डोक्यावर दगड नको बाबा," म्हणून तिनं पुढं पत्र्याचंच घर केलं. सटवाजी मोठा झाला, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कामाला लागला, त्याचं लग्न झालं. त्याची बायको सिंधू मिक्सर घेऊन आली आणि मी कोपऱ्यात गेलो. वर्षातून एखादी हळद असली तरच कुणी मला पुसायचं. एका कोळ्यानं माझ्या डोक्यावर घर केलं. मला वाटलं, चला, आपला हिशेब मिटला.

तोवर सटवाजीची साक्षी बारावी झाली. गावात जिकडं तिकडं क्लास निघाले होते. डॉक्टरकीचे क्लास, भरतीचे क्लास; भिंत दिसली की जाहिरात. साक्षीला पोलीस व्हायचं होतं; त्या भरतीत मुलींना ठरल्या वेळेत आठशे मीटर पळावं लागतं. दिवसभर बाकावर बसून लेखीचा अभ्यास करायची आणि सकाळ-संध्याकाळ नांदेड रस्त्यानं पळायची. सटवाजीनं एकदा जेवताना सांगून टाकलं, "ही एक भरती बघ. आठशे मीटर निघालं तर ठीक. न्हाई तर नायगावचं स्थळ चांगलं हाय. मी त्यास्नी न्हाई म्हणणार न्हाई."

साक्षीचा घास हातातच राहिला. आणि मी? खोटं कशाला बोलू, मी कोपऱ्यात खूश झालो. नायगावचं स्थळ म्हणजे हळद! पण पोरीचं तोंड बघितलं आणि आपण खूश व्हावं की नाही, हे मला कळेना.

एका संध्याकाळी साक्षी स्कूटीवरून लंगडत उतरली. फरीदा मॅडम तिला सोडायला आल्या होत्या. या मॅडम खेळाच्या शिक्षिका, मैदानावर पोरींची तयारी घेणाऱ्या.

"पायाच्या नळीत दुखतं हिच्या," मॅडम म्हणाल्या. "आणि पळण्याची वेळ काही कमी होईना. बेटा, उकिडवी बस बघू. टाचा जमिनीवर ठेवून."

साक्षी बसायला गेली. टाचा उचलल्या, गुडघे आत वळले आणि ती धपकन मागं पडली. शेजारी गुणाबाई उकिडवीच बसून डाळ निवडत होती.

"अगं बया," ती म्हणाली, "मी म्हातारी सकाळधरनं बसलेय अशी!"

"तुमची कंबर, घोटे मोकळे आहेत, आजी. ही दिवसभर बाकावर. सांधे आखडलेत, मांड्यांत ताकद नाही. त्यावर रोज पळायचं, मग सगळा मार नळीवर." मॅडम साक्षीकडं वळल्या. "आता थोडे दिवस पळणं बंद. आधी बसायला शिक, उठायला शिक."

"बसून कोन पळतंय का?" सटवाजी दारातून म्हणाला.

मला त्याचं म्हणणं पटलं. तेवढ्यात मॅडमची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "हे चालेल," त्या म्हणाल्या.

चालेल? कशाला चालेल? इथं कुटायला तर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या गोंधळाला पारावार राहिला नाही. साक्षी मला मानेमागं खांद्यांवर आडवा घ्यायची आणि सावकाश खाली बसायची, सावकाश उठायची. कधी मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून बसायची. कधी मला उभं करून एका हातानं धरायची आणि एक पाय झुल्यासारखा पुढं-मागं हलवायची. मला खांद्यावर घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढायची, उतरायची. मी वाट बघायचो, की आता खाली आपटेल, आता कुटेल. छे! ती मला खाली ठेवायची तेसुद्धा हळूच. पण बसताना टाचा टेकायला लागल्या. उठताना गुडघे आत वळेनासे झाले. मॅडमनी पळणं पुन्हा सुरू केलं, थोडं थोडं, आणि पोरगी न लंगडता घरी यायला लागली.

आणि नेमकी तेव्हाच शेजारची नीलाबाई आली. तिनं मला साक्षीच्या खांद्यावर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं गुणाबाई, हळदीचं मुसळ हाय त्ये! लग्नाआधी पोरीनं खांद्यावर घेऊन नाचवायचं आसतंय का? पोरीचं काही वंगाळ झालं म्हंजे?"

गुणाबाई घाबरली. ज्या बाईचं सगळं घर एका पहाटेत गेलं, तिला वंगाळ या शब्दाची भीती असणारच. तिनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पत्र्याखालच्या आडव्या लाकडावर ठेवून दिलं. मला एकदम मान मिळाल्यासारखंही वाटलं आणि गुदमरल्यासारखंही.

साक्षीनं दोनदा विचारलं, "आज्जे, मुसळ कुठाय?"

"हाय कुठंतरी. पळ तू नुसतं. पळायचंच हाय ना?"

भरती जवळ आली होती. साक्षी घाबरून दुप्पट पळायला लागली, व्यायाम सुटला. मी वरून फक्त आवाज ऐकायचो. एक पाय ओढत चालल्याचा चपलेचा आवाज परत आला. मग एक दिवस ती मैदानावरून आली ती दारातच बसली आणि मोठ्यानं रडली. सरावाच्या शर्यतीत तिला मधेच थांबावं लागलं होतं.

"झालं आज्जे," ती म्हणाली. "आता नायगाव."

गुणाबाई हातातलं काम टाकून उठली. मग स्टुलावर चढली, लुगडं सोडलं आणि मला खाली घेतलं. नीलाबाई तिच्या दारातच उभी होती. गुणाबाई तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "हळदीचं आसंल न्हाईतर मिरचीचं आसंल. घर पडलं त्या पहाटं म्यां इचारलं न्हाई हे कशाचं मुसळ हाय. माझं लेकरू अडकलं होतं. आता बी माझंच लेकरू अडकलंय." आणि मला साक्षीच्या हातात दिलं. "घे. बस खाली. टाचा टेकीव."

मित्रांनो, त्या दिवशी मला रडू आलं असतं, पण लाकडाला ते जमत नाही. आणि गंमत म्हणजे, हळदीची आठवणही मला त्या वेळी झाली नाही.

भरतीच्या दिवशी गुणाबाई मलाही एसटीत घेऊन निघाली. कंडक्टर म्हणाला, "आजी, नांदेडला कुटायला चालल्या का?" सगळी गाडी हसली. मैदानाच्या फाटकावर शिपायानं अडवलं. "हे आत न्हाई जायचं, मावशी. हत्यार हाय."

हत्यार! आता हे आणखी एक नवीन!

मग फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली साक्षीनं मला खांद्यावर घेतलं. खाली बसली, उठली, कंबर दोन्हीकडं वळवली, पाय झुलवले. भोवतीच्या पोरी बघत राहिल्या. मग ती आत गेली आणि मी गुणाबाईच्या मांडीला टेकून राहिलो. शिट्टी ऐकू आली. पायांचा आवाज आला, पण त्यात साक्षीचे कुठले, ते कळेना. सटवाजीही मोंढ्यातनं सुट्टी घेऊन येऊन पोचला होता. तो नुसता फाटकाकडं बघत होता.

लई वेळानं साक्षी बाहेर आली. एकेक पाऊल जपून टाकत होती. गुणाबाई मला घेऊनच उठली. "दुखून ऱ्हायलं का गं?"

"न्हाई आज्जे," साक्षी हसत म्हणाली. "पाय लई हलके झालेत. चालायचं कसं तेच कळंना. निघालं आठशे! पुढच्या पोरीला शेवटी मागं टाकलं."

गुणाबाई तिला बिलगून रडायला लागली. सटवाजीला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं मला उचललं. त्याचं बोट माझ्या चिरीवर थांबलं. "आये, ही चीर कशाची?"

तीस वर्षं त्यानं हे विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. गुणाबाईनं डोळे पुसले. "तुझ्या अंगावरची तुळई यानं उचलली, बाबा. तवा पडली."

 परतीच्या एसटीत सटवाजीनं मला वर ठेवलं नाही, खाली ठेवलं नाही, मांडीवर आडवं घेऊन बसला. वाटेत नायगावहून फोन आला. अजून लेखी परीक्षा बाकी होती, निकाल बाकी होता. तरी सटवाजी फोनवर म्हणाला, "न्हाई पाव्हणं, तुम्ही दुसरीकडं बघा. आमच्या पोरीचं काम चालू हाय." बोलताना त्याचा हात माझ्या चिरीवरच होता.

साक्षीची निवड झाली. आता ती प्रशिक्षणाला गेली आहे. फरीदा मॅडमनी पाठवलेल्या चार पोरी रोज आमच्या ओट्यावर येतात आणि नीलाबाईच त्यांना ओरडते, "टाचा टेकवा गं!" माझी हळद लांबली, मित्रांनो. लागेल तेव्हा लागेल.

मी कशासाठी आहे, हे मला अजून सांगता येत नाही. पण तुमच्या घरात कोपऱ्यात काही जुनं उभं असेल, तर ते एकदा उचलून बघा. तुमचं अंगही तसं कोपऱ्यात ठेवू नका. रोज थोडं बसवा, उठवा, वळवा, मग खुशाल पळा. आणि माझी चीर जरा जपून धरा. ती सटवाजीची आहे.