बिनआवाजाचं फाटक

घाईताईनं स्वतःचं असं पहिलं घर विकलं, तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. तीन वर्षं तिनं घरांची दलाली करणाऱ्या साहेबांच्या हाताखाली चाव्यांचे जुडगे वाहिले होते, लोकांच्या खिडक्या पुसल्या होत्या, गिऱ्हाइकांच्या मागेमागे फिरून "हो ना, हवा छान आहे" म्हटलं होतं. पण हा सौदा पहिल्या फोनपासून शेवटच्या सहीपर्यंत तिच्या एकटीचा होता! ऑफिसात तिला घाईताई म्हणत ते काही उगाच नाही. एक वाक्य संपायच्या आत ती पुढच्या वाक्यात पोचलेली असायची. घर दाखवायला गेली की आधी नळ सोडून बघणार, बिजागऱ्यांत तेल घालणार, आणि कडी दिसली की दोनदा खडखडवून मग उघडणार. हाताची खोड, दुसरं काय!

शनिवारी अकराला चावी द्यायची होती. चावीबरोबर गिऱ्हाइकाला भेट द्यायची ही साहेबांची जुनी पद्धत. त्यासाठी कपाटात भिंतीवरची पन्नास घड्याळं रचून ठेवलेली, सगळी एका साच्यातली. मधोमध ऑफिसचं नाव इतकं ठसठशीत की बिचारे आकडे कडेला चेंगरून बसलेले.

"घे एक, कागदात गुंडाळ, विषय संपला," साहेब म्हणाले.

"साहेब, त्या घरातल्या आजोबांना दिसत नाही."

"बाकीच्यांना दिसतं ना?"

कप्पाळ! तिनं घड्याळ पिशवीत टाकलं आणि वही उघडली. ही वही म्हणजे तिचा जीव की प्राण. गिऱ्हाईक घर बघताना मोठ्यानं जे बोलतं ते सगळेच ऐकतात; जाता जाता पुटपुटतं ते घाईताई वहीत उतरवायची. या कुटुंबाचं पान भरलेलं होतं, आणि तळाशी दोनदा अधोरेखित केलेलं एक वाक्य होतं. "मग कळणार कसं?"

ते आजोबांचं. नवं घर दाखवताना घाईताईनं फाटक उघडझाप करून मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "बघा, लोहचुंबकाची कडी आहे. अज्जिबात आवाज नाही!" मुलगा खूश, सूनबाई खूश. आजोबा मात्र फाटकावर हात ठेवून हळूच तेवढं बोलले होते. अख्खी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. नुसत्या हॅलोवरून माणूस ओळखायचे. पुढे काचबिंदूनं डोळे गेले, तरी जुन्या घरी खुर्चीत बसून त्यांचं राज्य चाललेलं असायचं. फाटकाची लोखंडी कडी किर्रर्र-टक वाजली की आतून हाक यायची, "सूनबाई, आज लवकर?" किंवा "पेपरवाले, कालचा भिजला होता हो!" एकदाही चुकले नाहीत. कागदपत्रांसाठी तिथे फेऱ्या मारताना घाईताईनं हे स्वतः ऐकलं होतं.

पण जुनं घर विकून झाल्यावर महिनाभर मंडळी भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती, आणि तिथलं दार कसलाच पत्ता लागू द्यायचं नाही. सूनबाई फोनवर म्हणाली होती, "दिवसभर एकच चाललंय, ताई. कोण? कोण आलं? काल मला म्हणाले, दारात कोण आलंय हे ज्याला कळत नाही तो घरातला माणूस नाही, घरातलं सामान. नव्या घरात येतच नाही म्हणतात. मला इथेच ठेवा म्हणतात."

ते ऐकल्यापासून घाईताईला अन्न गोड लागेना. आणि शुक्रवारी दुपारी, जेवणाचा डबा अर्धा टाकून, ती ताडकन उठली. कडी! अरे, जुनीच कडी नव्या फाटकाला बसवायची! इतकी सोपी गोष्ट सुचायला इतके दिवस लागावेत? काखेत कळसा अन् गावाला वळसा.

सूनबाईला फोन केला. ती आनंदानं किंचाळलीच. "करा, करा! बाबांना मात्र सांगायचं नाही हं." मग घाईताईनं जुनं घर गाठलं. ते एका दातांच्या डॉक्टरांनी घेतलेलं. नवी कडी देते, जुनी द्या, असं म्हटल्यावर डॉक्टर बाह्या सारत म्हणाले, "तुम्ही बाजूला व्हा. उपटायचं काम माझं." आणि पक्कड घेऊन पाच मिनिटांत कडी मुळासकट काढून हातात ठेवली. वर म्हणाले, "दुखलं नाही ना?" घाईताई रस्त्यानं एकटीच हसत गेली. हातात गंजकी कडी अन् चेहऱ्यावर खजिना मिळाल्याचा आनंद!

बसवायचं काम पान्याला दिलं. पान्या म्हणजे त्यांच्या ऑफिसचा नेहमीचा मिस्त्री. खिशात कायम पाना, म्हणून पान्या. पन्नाशीचा, मितभाषी, कामात सोनं. "शनिवारी नऊला बसव, मी दहाला येते," एवढं सांगून ही पुढे पळाली.

शनिवारी दहाला ती फाटकाशी पोचली तर कडी काय दिसत होती म्हणून सांगू! काळीभोर, चकचकीत. खडखड, खडखड, उघडली. आवाज कुठाय? पुन्हा उघडली. नुसतं मऊसूत सुळ्‌कन.

"पान्या," तिचा आवाज चिरकला, "हिला काय केलंस तू?"

"गंज घासून काढला. तेल सोडलं. बसवल्यावर पुन्हा सोडलं." पान्याची मान अभिमानानं ताठ. "ताई, तुम्हीच सांगता ना, ताबा द्यायच्या आधी करकर एकही राहता कामा नये?"

घाईताईनं कपाळावर हात मारला. कोणाला बोलणार? तीन वर्षं हिनंच त्याच्या डोक्यात भरवलं होतं, बिजागरी दिसली की तेल, कडी दिसली की तेल. काल सांगताना एक मिनिट थांबून 'हिला हात लावू नकोस' म्हणाली असती तर? पण थांबेल ती घाईताई कसली! घोटाळा कळल्यावर पान्याचाही चेहरा पडला.

मग एक तासभर जे चाललं ते बघायला हवं होतं. कडी काढली, रॉकेलनं धुतली, साबणाच्या कढत पाण्यात बुडवली, घाईताईनं स्वतःच्या ओढणीनं कोरडी केली, परत बसवली. सुळ्‌क! वाळू चोळली. खर्र, असा काहीतरी भलताच आवाज आला, जणू कुणी घसा खाकरतंय. "हा नाही रे तो! तो वरून सुरू व्हायचा, किर्रर्र, आणि खाली येऊन टक." ती तोंडानं आवाज काढून दाखवतेय, पान्या कान देऊन ऐकतोय, शेजारची बाई गॅलरीतून बघतेय. शेवटी पान्यानं हात टेकले. "टक तेवढं आणलंय, ताई. किर्र गंजाबरोबर गेलं." घाईताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

मुलानं गाडी बाजूच्या मोठ्या दारानं थेट आतल्या शेडमध्ये घेतली, तिथूनच आजोबांना हाताला धरून घरात नेलं. ते खुर्चीत बसले खरे, पण काठी न सोडता. कोऱ्या भिंतींच्या त्या खोलीत ते परक्याच्या दारात बसल्यासारखे दिसत होते. घाईताईनं चावी दिली, सह्या घेतल्या, अभिनंदन म्हणाली, सगळं घडाघडा. पिशवीतलं घड्याळ बाहेर काढायचा धीर होईना. कडीचं सांगायचा त्याहून होईना.

सूनबाईनं तिच्याकडे बघून डोळा बारीक केला आणि नातीला म्हणाली, "जा गं, फाटकाबाहेरची कुंडी घेऊन ये."

आठ वर्षांची नात धावत गेली. आणि परतताना तिनं नेहमीसारखी फाटकाला आधी लाथ मारली, मग कडी उचलून धाडकन सोडली. टक!

आजोबांची मान वळली.

"ही... ही आपली कडी आहे." ते खुर्चीत पुढे सरकले. "आपलीच आहे! अरे, बोला की! सर्दी गेली वाटतं हिची, आवाज मोकळा झालाय." ते उठून उभे राहिले. "आणि पायानं फाटक उघडायचं नाही म्हणून कितीदा सांगितलंय तुला, चिमणे!"

घाईताईचा जीव असा भांड्यात पडला की भांड्याचाच आवाज यावा. आजोबांना तर चेवच चढला. "जा, सगळे बाहेर जा, एकेक करून या! कोण ते सांगू नका." मग काय, शेंबड्या पोरांसारखी सगळी फाटकाशी रांगेत. टक. "सूनबाई. तू कडी सोडत नाहीस, ठेवतेस." टक. "हा आमचा कुलदीपक, अर्धी उघडी टाकून आला. जा, नीट लाव." टक. जरा थांबून, "हा माणूस नवा आहे. पण हात कारागिराचा." पान्या लाजून लाल झाला. सूनबाई हसतही होती आणि पदरानं डोळेही टिपत होती.

घाईताई मात्र रांगेत उभी राहिली नाही. घरच्यांचा खेळ, आपण पडलो एजंट. चावी दिली, आता निघावं, असं तिनं मनाला समजावलं. काठी कोपऱ्यात ठेवून आजोबा नातीला घराच्या खोल्या मोजायला लावत होते. त्या गडबडीत ती हळूच बाहेर पडली आणि फाटकाचा आवाज होणार नाही इतक्या अलगद निघून गेली.

कोपऱ्यावरून साहेबांना फोन. "साहेब, झालं! मस्त झालं! काय सांगू तुम्हाला, आजोबा..."

"घड्याळ दिलंस?"

"घड्याळ पिशवीतच आहे, साहेब. पुढच्यांना देऊ या. नाही, पुढच्यांनाही नको. पुढच्यांचं मी वहीत बघते, आणि..." आणि पिशवीत हात घातला तर वहीच नाही! सगळं सोडून तेवढी वही विसरली. तोंडचं पाणी पळालं. अर्ध्या गावाच्या मनातल्या गोष्टी त्या वहीत! ती उलट पावली पळत सुटली.

फाटक बंद होतं. पडदे ओढलेले, आतून सामान सरकवल्याचा आवाज येत होता. कुणाला हाक मारावी, की गुपचूप जाऊन वही उचलावी? तिनं कडीला हात घातला. खडखड, खडखड. मग उचलली. टक.

"या, एजंटबाई!" पडद्याआडून खणखणीत आवाज आला. "वही माझ्या खुर्चीवर राहिलीय तुमची. आणि मघाशी चोरासारख्या काय गेलात? चहा ठेवलाय."